कोरड्या जमिनीवरचे साडेअकरा मिलिमीटर

आधी गुन्हा कबूल करते, मग माणसाबद्दल सांगते. त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात, एका लख्ख उन्हाच्या सकाळी, मी सरकारी पर्जन्यमापकात फुलपात्रभर पाणी ओतलं. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते, दोन मुलांची आई होते आणि कायम नोकरीतली कारकून होते. अक्कल मात्र अजून आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेली होती.

पर्जन्यमापक म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या ऑफिसच्या आवारात, काटेरी तारेच्या कुंपणात, कमरेएवढं एक नळकांडं उभं होतं. वर नरसाळं, आत बाटली, बाहेरून कुलूप. सकाळी बरोबर साडेआठला बाटलीतलं पाणी मापाच्या काचेच्या ग्लासात ओतायचं, किती मिलिमीटर ते वाचायचं आणि रजिस्टरात लिहायचं. हिवाळ्यात महिनोन् महिने बाटली कोरडी असते, तरी रोज उघडून बघायची आणि शून्य लिहायचं. हे काम उकेबाबूंचं. रविवार, दिवाळी, पंधरा ऑगस्ट, काही असो. खुद्द पोरीच्या लग्नाच्या दिवशी नवे कपडे घालून ते साडेआठला कुंपणात उभे होते. शून्य लिहिलं आणि मग मांडवात गेले.

मी पाणी ओतलं ते एवढ्याचसाठी, की या माणसाचा चेहरा कधी बदलतो का, ते मला बघायचं होतं.

उकेबाबू मूळचे कटंगीकडच्या एका खेड्यातले. उंच, वाळके, शर्टाचं गळ्याजवळचं बटण मे महिन्यातही लावलेलं. माझ्या समोरच्या टेबलावर ते ब्याऐंशी साली बसायला आले आणि पहिल्या आठवड्यातच मी त्यांच्याबद्दल एक भलताच समज करून घेतला. ते बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघत नसत, डाव्या कानाकडे बघत. मी नुकतेच नवे टॉप्स केले होते. घरी मला चहात साखर किती लागते, हेही कोणी विचारत नसे, आणि इथे एक परका माणूस रोज माझे टॉप्स निरखतो! मी मनातल्या मनात त्यांना समज द्यायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी आईकडचे मोत्यांचे डूल घालून गेले. आठ दिवस मी कानांची नुसती प्रदर्शनं भरवली. नवव्या दिवशी साहेब आमच्या खोलीत आले. उकेबाबू त्यांच्याशी बोलायला उठले आणि तितक्याच एकाग्रतेने साहेबांच्या डाव्या कानाकडे बघायला लागले. साहेबांच्या कानात केसांचं रान माजलेलं होतं. माझे डूल त्या संध्याकाळी डबीत गेले ते गेलेच.

मग त्यांच्या स्वतःच्या कानांचं प्रकरण. आमच्या खोलीतला पंखा फिरताना टकटक करायचा. आम्हाला तो ऐकूही येत नसे. उकेबाबू मात्र कापसाचे बोळे घालून बसायचे. मी परोपकारी बाई. लसूण घालून तेल कढवलं, बाटलीत भरलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"काय हे, बाई?"

"कानाले घाला. दोन थेंब. ठणका जाते."

"माहा कान चांगला आहे. जास्तच चांगला आहे, म्हणून तं बोळा घातला."

बाटली त्यांनी परत माझ्या टेबलावर सरकवली. बरोबर तिथेच, जिथून मी ती उचलली होती. मी पुढचे चार दिवस सगळ्यांना सांगत होते, "काय घमेंड आहे पाहा! साधं तेल नाही घेतलं."

डब्यात रोज पोळी आणि आलूची भाजी. वरण-भात असला तर वरण वेगळ्या डबीत, कारण वरण आधीच भातावर पडलेलं त्यांना चालत नसे. एकदा त्यांच्या बायकोने, शोभाताईंनी, वांग्याची भाजी दिली, तर ते नुसती पोळी खाऊन उठले. एक वाजून दहा मिनिटांनी डबा उघडायचा, दीडला बंद. त्या वेळात कलेक्टर आला असता तरी त्याला वीस मिनिटं थांबावं लागलं असतं.

आणि खरं बोलणं! आमच्याकडच्या एका बाबूने वारासिवनीला मुलाचं लग्न केलं. आम्ही सगळे गेलो. निघताना नवरदेवाच्या बापाने हात जोडून विचारलं, "जेवण कसं झालं?" आम्ही सगळ्यांनी "फार छान, फार छान" म्हटलं. उकेबाबू म्हणाले, "भात मधातून कच्चा होता. जिलबी चांगली होती." बापाचे जोडलेले हात तसेच राहिले. बसमध्ये मी त्यांना झापलं, "काहून हो, असं बोलत असतात का?" ते खरोखर गोंधळले. "त्यानं विचारलं होतं ना, बाई? नाही विचारलं असतं तं मी सांगितलं नसतं."

हा त्यांचा कायदा होता. विचारलं तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर काहीच नाही. त्या कायद्याचा मला एकदा फार उपयोग झाला. ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात मला सरस्वतीच्या फोटोला हार घालायचा होता. मी नवी साडी नेसून खोलीत शिरले आणि नटून विचारलं, "कशी दिसते?" सगळे म्हणाले, झकास. उकेबाबू म्हणाले, "समोरून ठीक. मागून पदराले टेबलावरची शाई लागली आहे, हातभर." अख्ख्या बालाघाटपुढे पाठ करून उभी राहणार होते मी!

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा ऑफिसातली माणसं घरी येऊन बसली, वयाचं बोलली, पुण्याईचं बोलली. उकेबाबू तिसऱ्या दिवशी आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "मले काय बोलाव ते समजत नाही. म्हणून मी तुमचं टेबल आवरून आलो." आणि गेले. तेरा दिवसांनी कामावर गेले तर माझ्या टेबलावर साठलेल्या फायलींचा डोंगर गायब. प्रत्येक फाईल पूर्ण केलेली, तारखेवार लावलेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल कोणालाही काही सांगितलं नाही.

आता यावरून मला शहाणपण आलं असेल, असं वाटतं ना? पाणी मी त्यानंतर दोन वर्षांनी ओतलं.

आमचं सरकारी क्वार्टर ऑफिसला लागूनच. जास्वंदीची फुलं तोडायच्या निमित्ताने मी आठ वाजता आवारात शिरले. हातात देवाचं फुलपात्र, पाण्याने जवळजवळ काठापर्यंत भरलेलं. कुंपणावरून हात लांब केला, साडी तारेत अडकली, फाटली, पण नेम चुकला नाही. मग व्हरांड्याच्या खांबाआड उभी राहिले, तोंडात पदर धरून.

साडेआठला उकेबाबू आले. बाटली काढली. थांबले. बाटली उन्हात धरली. पाणी ग्लासात ओतलं, वाकले, वाचलं. आकाशाकडे बघितलं. मग गुडघ्यावर बसून जमिनीला हात लावला, इथे, तिथे, कुंपणाच्या बाहेर. उठले आणि आत जाऊन लिहिलं.

चेहरा काही बदलला नाही. मला वाटलं, फुकट गेलं माझं पाणी.

शाई वाळल्यावर मी रजिस्टर बघितलं. "११.५ मि.मी." आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात, "जमीन कोरडी."

आठवड्याचा तक्ता भोपाळला गेला आणि तिथून फोन आला, की साऱ्या जिल्ह्यात थेंब नाही आणि तुमच्याच अंगणात पाऊस कसा? साहेबांनी उकेबाबूंना बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळे कान टवकारून.

"उके जी, बारिश हुई या नहीं हुई?"

"सर, बारिश का मुझे मालूम नहीं. पानी था."

"ज़मीन सूखी थी?"

"जी, सूखी थी."

"तो पानी आया कहाँ से?"

"वो मुझे भी जानना है, सर."

साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं. म्हणाले, काटो और ज़ीरो लिखो. उकेबाबू नाही म्हणाले. साहेब ओरडले. उकेबाबू त्यांच्या कानाकडे बघत पुन्हा म्हणाले, "ज़ीरो नहीं था, सर." तेव्हा साहेबांनी यंत्राची किल्ली काढून घेतली आणि दुसऱ्या एका बाबूला दिली.

त्या वेळी मी उठून सांगायला हवं होतं. मी काय केलं? फाईल उघडून तोंडासमोर धरली. उलटी धरली होती, हे शिपायाने मला नंतर सांगितलं. साहेबांच्या आवाजाला मी घाबरले, आणि पुढे जसजसे दिवस गेले तसतसं ते सांगणं जास्तच अवघड होत गेलं. उकेबाबू रोज साडेआठला यायचे, कुंपणाबाहेर उभे राहायचे, रिकाम्या हाताने. मग आत जाऊन बसायचे.

नवा बाबू खिडकीतून आकाश बघून आकडा लिहायचा. जुलैत वैनगंगेला पूर आला, लोक पूर बघायला पुलावर गोळा झाले, आणि त्या दिवशी याने रजिस्टरात दोन मिलिमीटर लिहिले. दुसऱ्या दिवशी किल्ली उकेबाबूंकडे परत आली. ऑफिसला वाटलं, प्रकरण मिटलं. मलाही तसंच वाटलं. मी तर पेढे खाल्ले.

त्यानंतर उकेबाबूंची एक नवी लकब सुरू झाली. ते सगळं दोनदा मोजायचे. ग्लासापाशी वाकायचे, वाचायचे, ताठ व्हायचे, पुन्हा वाकायचे. कागद दोनदा मोजायचे, कुलूप दोनदा ओढायचे. आम्ही त्यांचं नाव 'डबल उके' ठेवलं. ठेवलं म्हणजे, मीच ठेवलं.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात, एका रविवारी सकाळी पावणेनऊला उकेबाबू माझ्या दारात उभे. बावीस वर्षांत सासूबाईंच्या तेरवीच्या आधीचा तो एक दिवस सोडला तर ते कधी आले नव्हते. मागे शोभाताई, छत्री मिटत. उकेबाबूंच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद.

त्यांची मुलगी नागपूरला दिलेली. तिची चार वर्षांची पिंकी बोलायला उशिरा लागली होती, हाक मारली तर बघत नसे, दिवसभर वाट्या एका रांगेत लावत बसे. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, ऑटिझम. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मुलीच्या सासरकडची माणसं म्हणत होती, नजर लागली. मुलगी रडून रडून अर्धी झाली होती. डॉक्टरांनी घरी वाचायला लक्षणांचा एक कागद दिला होता, त्यावर आजोबांनी पेन्सिलीने पिंकीसाठी खुणा केल्या. मग तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि लाल पेनाने दुसऱ्या खुणा केल्या.

"लाल कोणाच्या?" मी विचारलं.

"माह्या."

पेन्सिलीपेक्षा लाल खुणा जास्त होत्या.

"बाई, हे मी आहो," उकेबाबू म्हणाले. "बावन्न वर्षं झाली, मले वाटे का माह्यातच काही चुकलं आहे. सगळ्यायले जे आपोआप समजते ते मले काहून समजत नाही? अन् इथं पाहा, कोणी तरी छापून ठेवलं!"

त्यांचा चेहरा बदलला होता. अकरा वर्षांपूर्वी ज्यासाठी मी साडी फाडून घेतली, तो बदललेला चेहरा माझ्या ओसरीवर फुकटात उभा होता. ते हसत होते.

शोभाताईंनी येण्याचं कारण सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मोठ्या माणसाचं सांगणं अवघड, त्यांना अनेक वर्षं जवळून बघितलेल्या माणसांना घेऊन या. "घरचं मी सांगन. पण ऑफिसचं कोण सांगन? म्हटलं, पाठकबाईले नेऊ. त्यायचं सगळ्यायकडं ध्यान असते."

"अन् त्या सगळं सांगतात," उकेबाबू म्हणाले. हा टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारता येत नसे.

"पण उकेबाबू, आता या वयात समजून काय करायचं आहे?"

"माह्यासाठी नाही. डॉक्टर हौ म्हणाल्या, तं पोरीले सांगता येईन. घाबरू नको, पिंकी बिघडली नाही, तुह्या बापावर गेली. तुह्या बापानं नोकरी केली, संसार केला, तुले शिकवलं. पण अंदाजानं नाही सांगाचं मले. बरोबर सांगाचं आहे."

आम्ही एका मंगळवारी नागपूरला गेलो. अर्थात साडेआठचं वाचन करून, नऊच्या बसने. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. शोभाताईंनी घरचं सांगितलं, वांगी, बोळे, लग्नातल्या बँडच्या वेळी नवरदेव कसा गोठ्यात जाऊन बसला ते. मग माझी पाळी. मी काय, रंगातच आले. कानांचं सांगितलं, भाताचं सांगितलं, टेबल आवरल्याचं सांगितलं. डॉक्टर लिहीत होत्या, मधूनमधून हसत होत्या. शेवटी मी टाळी घेण्याच्या आविर्भावात म्हटलं, "आणि सगळं दोनदा मोजतात. आम्ही नावच ठेवलंय, डबल उके!"

डॉक्टरांनी तेही लिहिलं.

"ते लिहू नका," उकेबाबू म्हणाले. "ते जन्मापासूनचं नाही. ते त्र्याण्णवच्या डिसेंबरातलं आहे."

"काय झालं होतं तेव्हा?"

"पाऊस नव्हता अन् पाणी होतं. मी साडेअकरा वाचले. सगळे म्हणाले शून्य. मी खूप विचार केला, पाणी कुठून आलं ते काही सापडलं नाही. तं मग माहा डोळाच चुकला असंन. तेव्हापासून माहा माह्या डोळ्यावर भरोसा नाही. म्हणून दोनदा पाहतो."

कोणी तरी मुद्दाम पाणी ओतलं असेल, ही शंका त्यांना अकरा वर्षांत एकदाही आली नव्हती. सगळं शोधून झालं होतं, दव, गळका पाइप, पक्षी. माणूस खोटं करेल, हे त्यांच्या यादीतच नव्हतं.

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. पुढ्यातल्या कागदावर उकेबाबूंचं बरोबर वाचन लिहिलं जायचं होतं आणि त्यात माझं फुलपात्र सांडलेलं होतं. मी गप्प राहिले असते तर ते दुसऱ्यांदा चुकीचं गेलं असतं, आणि या वेळी पिंकीपर्यंत गेलं असतं.

"मी ओतलं होतं," मी म्हटलं. "पाणी. गंमत म्हणून."

पंखा फिरत होता. तो टकटक करत होता, हे मला पहिल्यांदा ऐकू आलं.

आधी शोभाताई फुटल्या. "अगं माय! अन् मी अकरा वर्षांपासून यायले कुकरच्या शिट्ट्या दोनदा मोजून देऊन राह्यली!" आणि त्या इतक्या हसायला लागल्या की डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं. त्या पाण्याकडे बघून त्या आणखीच हसल्या.

उकेबाबू हसले नाहीत. माझ्या डाव्या कानाकडे बघत त्यांनी विचारलं, "किती?"

"काय किती?"

"पाणी."

"एक फुलपात्र."

"भरून?"

"काठाला थोडं कमी."

डॉक्टरांनी 'दोनदा मोजतात' यावर रेघ ओढली. म्हणाल्या, "मी लहान मुलांची डॉक्टर आहे, काका. मोठ्यांसाठी छाप मारून द्यायला माझ्याकडे काही नाही. पण तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगते, बहुतेक हो." उकेबाबूंनी "बहुतेक" हा शब्द वहीत लिहून घेतला आणि बाहेर येऊन आधी मुलीला फोन लावला. पलीकडे ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हे म्हणाले, "हौ. बहुतेक. वाट्या लावू दे तिले. मीही लावत होतो." मग बराच वेळ ते नुसते "हौ, हौ" म्हणत राहिले.

परतीच्या बसमध्ये उकेबाबू खिडकीशी, मधे शोभाताई, कडेला मी. तुमसर आलं, कटंगी गेली, वारासिवनी गेली. मी तोवर मनातल्या मनात राजीनाम्यापासून काशीयात्रेपर्यंत सगळं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार वाजलं. उकेबाबू. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला मापाचा काचेचा ग्लास. सरकारी वस्तू घरी कशी आणली म्हणून मी बघत राहिले, तर त्यांनी खिशातून साहेबांच्या सहीचा अर्ज काढून दाखवला, अर्ध्या तासासाठी.

"ते फुलपात्र आहे का अजून?"

देवघरातच होतं. मी आणलं.

"त्या दिवशी भरलं होतं तसं भरा."

मी भरलं. काठाला थोडं कमी, तेवढंच. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, ओसरीच्या कठड्यावर ग्लास ठेवला, हळूहळू पाणी ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबले. मग वाकले. वाचलं. ताठ झाले.

मी त्यांच्या पुन्हा वाकण्याची वाट बघत होते. ते वाकले नाहीत. त्यांनी पाणी माझ्या जास्वंदीला घातलं, ग्लास पुसला आणि टॉवेलमध्ये गुंडाळला. पायऱ्या उतरले, फाटकापाशी वळले. गळ्याजवळचं बटण लावलेलं, डोळे माझ्या कानावर.

"अकरा पॉइंट दोन. पॉइंट तीनचा फरक तुमच्या हाताचा आहे, माहा डोळा बरोबर होता. बाई, पुढच्या बारीले टाकान तं टाकजा, पण मोजून टाकजा."